माप एक, जात वेगळी

मानखुर्दला टायर घ्यायला आलेला गाडीवाला आधी माप सांगतो. "दोनशे पंधरा, पंच्याहत्तर, पंधरा." एवढं म्हणून तो स्टुलावर टेकतो आणि चहा येईपर्यंत भावाची घासाघीस सुरूही होते. मापानंतर आणखी काही विचारायचं असतं, हे त्याच्या गावीही नसतं. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडलगतच्या ज्या दुकानात मी या लेखासाठी काही सकाळी बसले, तिथले अण्णा मात्र माप ऐकून घेतात आणि मग विचारतात, "भरतोस काय? आणि किती?"

अण्णा मूळचे केरळचे. पंक्चर काढण्यापासून सुरुवात करून चाळीसएक वर्षांत ते टायरविक्रीपर्यंत आले. त्यांच्या मराठीत मल्याळम आणि हिंदी दोन्ही मिसळलेली, पण टायरबद्दल बोलताना ती मराठी एकदम नेमकी होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी दोन टायर भिंतीला टेकवून शेजारी शेजारी उभे केले. उंची तीच, रुंदी तीच, मधलं भोक तेवढंच. दोन्हींवर २१५/७५ आर १५ असं ठळक लिहिलेलं. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, रचना रेडियल आणि रिम १५ इंची. हेच माप बोलेरो जीपला लागतं आणि बोलेरो पिकअपच्या काही मॉडेलांनाही.

"आता दाबून बघा, ताई."

मी अंगठ्याने पहिल्या टायरची बाजू दाबली. रिमवर न चढवलेला टायर, तरी रबर किंचित आत गेलं. दुसऱ्याची दाबली, अंगठाच दुखला. अण्णांनी मोबाइलचा उजेड टायरच्या बाजूवर तिरका धरला. काळ्यावर काळी असलेली ती बारीक अक्षरं समोरून वाचता येत नाहीत, तिरक्या उजेडात मात्र उठून दिसतात. पहिल्यावर मापापुढे '१०० एस' होतं. दुसऱ्यावर 'एलटी' म्हणजे लाइट ट्रक, '८ पीआर' आणि '१०६/१०३'. आयएसआयच्या खुणेशी असलेला आकडाही दोघांचा वेगळा. पहिल्याचा आयएस १५६३३, दुसऱ्याचा आयएस १५६३६. पहिलं मानक प्रवासी मोटारींच्या टायरचं आहे, दुसरं व्यापारी वाहनांच्या. टायरवर आयएसआय खूण सक्तीची झाली ती केंद्र सरकारच्या २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने. त्या आदेशामुळे आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टायरच्या अंगावर त्याची जात लिहिलेली असते. ती वाचायला ना शिक्षण लागतं, ना यंत्र. तिरका उजेड पुरतो.

एवढं सोपं असूनही ही चूक रोज होते, आणि मानखुर्दसारख्या ठिकाणी जास्तच होते. ती का होते हे समजून घ्यायचं म्हणून मी एका पिकअपवाल्याच्या गाडीत बसले.

त्यांना सगळे मामा म्हणतात. ओतूरकडचे, राहायला महाराष्ट्रनगरात. गाडी एमएच-०३, म्हणजे वडाळा आरटीओची. रात्री दोन-अडीचला मानखुर्दहून निघायचं, खाडीपूल ओलांडून तुर्भ्याच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यांवर गाडी लावायची, पहाटे परत येऊन मानखुर्द, गोवंडी, चेंबूरच्या दुकानांना माल पोचवायचा. जायला दहाएक किलोमीटर. दिवसाच्या दोन, कधी तीन फेऱ्या.

मानखुर्द हा मुंबईचा उंबरा आहे. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला आणि जकात संपली. त्याआधी इथल्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या. रांगा गेल्या, माल मात्र याच वाटेने येत राहिला. मोठ्या ट्रकांना गर्दीच्या वेळी शहरात मज्जाव असतो, आणि गोवंडी-शिवाजीनगरच्या गल्ल्यांमध्ये तर ट्रक वळतच नाही. त्यामुळे शेवटचे दहा-वीस किलोमीटर माल वाहतो तो पिकअप आणि टेम्पो. २००५ मध्ये टाटांनी 'एस' आणली, लोकांनी तिला छोटा हाथी म्हटलं, आणि पाऊण टनाची ही गाडी घेऊन हजारो चालक मालक झाले. बोलेरो पिकअप त्याहून थोरली. या साऱ्या गाड्या मालासकट साडेतीन टनांच्या आतल्या. मालक स्वतः चालवतो, हप्ता स्वतः भरतो, आणि टायरही स्वतःच्या खिशातून घेतो. ट्रक कंपन्यांत टायरची वही ठेवणारा माणूस असतो. इथे ते सगळं डोक्यात.

मामांनी गेल्या वर्षी मागचे दोन टायर बदलले. एलटीचा नवा टायर पॅसेंजर टायरपेक्षा हजार-दीड हजाराने महाग पडत होता. त्याच आठवड्यात ओळखीच्या एकाने निरोप दिला की जीपचे टायर आहेत, जवळपास कोरे. नवी जीप घेणारे हौशी लोक कंपनीचे टायर उतरवून रुंद, खडबडीत नक्षीचे टायर चढवतात, आणि उतरवलेले निम्म्या भावात बाजारात येतात. माप तेच. मामांनी घेतले. चढवल्यावर गाडी मऊ चालायला लागली, कंबरेला बसणारे दणके कमी झाले. "मला वाटलं, लॉटरी लागली," मामा म्हणाले.

मे महिन्यात दुपारच्या फेरीला, तीस गोण्या कांदा भरलेला असताना, पुलाच्या चढावर मागून फटफट आवाज यायला लागला. त्यांना वाटलं फाळक्याची साखळी सुटली. तेवढ्यात गाडी डावीकडे ओढली गेली. टायर फुटला नव्हता. त्याचा पट्टा सुटला होता. रस्त्याला टेकणारं रबर खालच्या पोलादी तारांच्या थरापासून सोलून निघालं होतं आणि चाकाबरोबर फिरत मडगार्डवर आपटत होतं. मामांनी ब्रेकवर पाय न ठेवता वेग हळूहळू उतरू दिला, गाडी कडेला घेतली. नऊ गोण्या रस्त्यावर. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने वेळीच हँडल वळवलं. हे सांगताना मामा थांबले. नुकसान किती झालं ते त्यांनी लगेच सांगितलं होतं, त्या मोटारसायकलवर मागे लहान मूल होतं हे मात्र बऱ्याच वेळाने, तुर्भ्याच्या फाटकाशी सांगितलं.

टायर भार पेलतो असं आपण म्हणतो. भार पेलते ती आतली हवा. रबर, पोलाद, धागे हे त्या हवेला आवरून धरणारं भांडं. ही गोष्ट एकदा मनात पक्की बसली की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

हिशेब मांडून बघू. समजा रिकामी पिकअप १६०० किलोंची. त्यातले ९०० पुढच्या चाकांवर, ७०० मागच्या. हौद्यात बाराशे किलो, म्हणजे पन्नास किलोंच्या २४ गोण्या भरल्या. हौदा मागच्या आसावर असतो, त्यामुळे त्यातले ११०० किलो तरी मागे जातात. मागे एकूण १८००, म्हणजे एकेका टायरवर ९०० किलो. हा भार ६५ पाउंड हवा असलेल्या टायरवर पडला तर तो तोलायला जमिनीवर साधारण २०० चौरस सेंटीमीटर टायर टेकावा लागतो, पसरलेल्या पंजाएवढा. तोच भार ३५ पाउंडांच्या टायरवर पडला तर ३६० चौरस सेंटीमीटरच्या वर टेकावं लागतं. तेवढं टेकायचं म्हणजे टायर खाली चेपला पाहिजे, बाजू बाहेर फुगली पाहिजे. या मापाचा टायर एका किलोमीटरला साडेचारशेच्या वर फेरे घेतो. टायरचा प्रत्येक भाग फेऱ्यागणिक एकदा चेपतो, एकदा सुटतो. तार हातात धरून पुढेमागे वाकवत राहिलं की तापते आणि तुटते, तसंच इथे घडतं. तुर्भ्याहून मानखुर्दला पोचेपर्यंत साडेचार हजारांच्या वर वेळा.

मग पॅसेंजर टायरमध्येच ६५ पाउंड हवा का भरू नये? हा प्रश्न मीही विचारला. अण्णांनी टायर फिरवून त्यावर छापलेला कमाल दाब दाखवला. पॅसेंजर टायरची बांधणीच ३५-३६ पाउंडांवर पूर्ण भार पेलण्याच्या हिशेबाने केलेली असते. त्याचे धागे, त्याची रिमवर बसणारी कडी, सगळं त्या बेताने. एलटीची कडी जाड, बाजू जाड, धागे दणकट, म्हणून आठ प्लायचा एलटी टायर ६५ पाउंड आणि दहा प्लायचा ८० पाउंड सहन करतो. साध्या रबरी व्हॉल्व्हची मर्यादासुद्धा ६५ पाउंडांचीच. त्यापुढे धातूचा व्हॉल्व्ह लागतो, आणि रिमही त्या ताकदीची लागते.

आता ते '१००' आणि '१०६/१०३'. हे भारांक आहेत, थेट किलो नाहीत. १०० म्हणजे ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०. तिरप्या रेघेपुढचा १०३ म्हणजे ८७५ किलो, तो मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. पिकअपला एकेरी चाक, म्हणून पहिला आकडा आपला. मामांच्या तीस गोण्यांचा हिशेब याच रीतीने केला तर मागच्या एकेका टायरवर हजाराच्या वर किलो पडत होते. टायर होता ८००चा.

खरं तर ८००चाही नव्हता. अमेरिकेत, जिथे घरटी पिकअप असते, तिथला नियम असा की पॅसेंजर टायर पिकअपवर चढवायचा तर त्याच्या छापील क्षमतेला १.१ ने भागायचं. कारण सरळ आहे. पिकअपमध्ये माल कधी जास्त, कधी एका अंगाला भरला जातो, गाडी खाचखळग्यांतून हाकली जाते, म्हणून हाताशी शिल्लक ठेवायची. ८०० ला १.१ ने भागलं की उरतात ७२७. आपल्याकडच्या लिंक रोडवर पावसाळ्यात पडणारे खड्डे पाहता ही शिल्लक आपणही धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लायबद्दल बाजारात एक समजूत घट्ट आहे. आठ प्लाय म्हणजे आत आठ थर. पूर्वी ते खरं होतं. टायरमध्ये सुती कापडाचे थर असत आणि ते मोजून ताकद सांगत. पुढे नायलॉन आला, पॉलिएस्टर आला, पोलाद आलं, आणि दोन-तीन थरांतच जुन्या आठ थरांची ताकद मिळू लागली. आकडा राहिला, अर्थ बदलला. आज '८ पीआर' म्हणजे जुन्या आठ सुती थरांच्या तोडीचा टायर. प्रत्यक्षात आत किती थर आहेत तेही बाजूवर लिहिलेलं असतं. अण्णांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने कापलेला टायर पाहून, "हे बघा, आठ कुठंयत? फसवलंत," म्हणून आवाज चढवला होता. अण्णांनी त्याला खाली बसवून अर्धा तास समजावलं. अशी माणसं दुकानात असतात म्हणून बरंच काही टळतं.

मामांचा सुटलेला पट्टा ऐकल्यापासून माझ्या डोक्यात फायरस्टोन या टायर कंपनीचं प्रकरण घोळत होतं. मुंबईला हे नाव परकं नाही, शिवडीला फायरस्टोनचा कारखाना होता. प्रकरण घडलं अमेरिकेत. फोर्डने १९९० च्या आसपास एक्स्प्लोरर ही गाडी आणली. दिसायला कुटुंबाची गाडी, सांगाडा मात्र रेंजर या पिकअपच्या घराण्यातला. तिच्यावर फायरस्टोनचे पॅसेंजर जातीचे टायर होते, त्यांतलं मुख्य माप २३५/७५ आर १५. गाडी उंच आणि उलटायला सोपी, म्हणून असेल किंवा चाल मऊ राहावी म्हणून असेल, फोर्डने हवा सांगितली फक्त २६ पाउंड. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत भरलेल्या गाड्या तासन्‌तास वेगाने धावू लागल्या आणि टायरांचे पट्टे सुटू लागले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. अमेरिकी सरकारच्या तपासात या टायरांशी जोडलेले २७१ मृत्यू नोंदले गेले. दोष एकाचा नव्हता. पट्ट्याच्या कडेची बांधणी कच्ची होती, हवा कमी होती, भार होता, ऊन होतं. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या आणि जवळपास शंभर वर्षांचं त्यांचं नातं तुटलं. त्यानंतरच अमेरिकेत नव्या गाड्यांमध्ये हवेचा दाब सांगणारं यंत्र सक्तीचं झालं.

ते २६ पाउंड वाचताना मला मामांची मऊ चाल आठवली. गाडी मऊ चालते तेव्हा रस्त्याचा दणका आपल्या कंबरेऐवजी टायर खातो. भरलेल्या पिकअपची चाल मऊ झाली तर चालकाला बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच टायरच्या आत उष्णता साठत असते. बाहेरून त्याची खूण दिसत नाही. हात लावला तरच कळतं. जुने ट्रकवाले ढाब्यावर उतरले की प्रत्येक टायरला तळहात लावत फिरतात, ते यासाठी.

समृद्धी महामार्गाने हा विषय आपल्या घरात आणला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला सुरुवात केली, गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या माघारी धाडल्या. चांगलं पाऊल. पण तिथे पाहिली जाते ती मुख्यतः नक्षीची खोली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमाने चारचाकीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. टायर मालाच्या जातीचा आहे की प्रवाशांच्या, हे उभ्या उभ्या कोण पाहणार? पुढचाच, ९५ वा नियम टायरचं माप, प्लाय आणि त्यावर किती भार चालेल याबद्दल आहे. तो वाचलेला पिकअपवाला मला मानखुर्दात भेटला नाही. तो त्याच्यापर्यंत मराठीत, सोप्या शब्दांत कुणी पोचवलाच नाही, ही माझी तक्रार आहे. हप्त्याच्या कागदांबरोबर एक पान याचं दिलं असतं तरी पुरलं असतं.

जादा भाराचा कायदा मात्र सगळ्यांना पाठ. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. दंडाची भीती आहे, टायरची नाही. भीती उलट असायला हवी होती.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पिकअप म्हटली की एलटीच, असा सरसकट नियम चुकीचा ठरेल. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स घेणारा माणूस हौदा बहुधा रिकामा ठेवतो. घरचे चारजण, सुट्टीचं सामान, फार तर दोन सायकली. या गाड्यांना कंपनीच मोठ्या रिमचे, एसयूव्हीच्या जातीचे टायर देते आणि ते योग्यच आहे. रिकाम्या गाडीवर ६५ पाउंडांचा एलटी चढवला तर ती उसळत चालते, ओल्या रस्त्यावर पकड कमी पडते, टायर मधोमध झिजतो. हवा उतरवून मऊ करावं तर आणखी घोटाळा. सारख्याच मापात, ३५ पाउंडांवर, एलटी टायर पॅसेंजरपेक्षा कमी भार पेलतो. त्याची ताकद वरच्या दाबासाठी राखलेली असते. सहा प्लायच्या, १०० भारांकाच्या एलटीला ८०० किलो पेलायला ५० पाउंड लागतात, पॅसेंजर तेवढंच ३५-३६ वर पेलतो. 'जाड म्हणजे भारी' असं समजून जीपला एलटी बसवणारे आणि हवा जुनीच ठेवणारे लोक मामांचीच चूक उलट्या बाजूने करतात.

वेगाचं अक्षरही आहे. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, क्यू १६०, एन १४०, एल १२०. मालाच्या टायरवरचं अक्षर खालचं असतं. मामांच्या गाडीला त्याचा काही तोटा नाही, समृद्धीवरसुद्धा मालवाहू गाडीला ८० चीच मर्यादा आहे.

२०२२ मध्ये केंद्राने फिरताना होणारा रोध (रोलिंग रेझिस्टन्स), ओली पकड आणि आवाज यांचे निकष टायरांना लावले. तिथे प्रवासी टायरला सी-१, हलक्या मालवाहूंच्या टायरला सी-२ आणि ट्रक-बसच्या टायरला सी-३ असे वर्ग आहेत. म्हणजे सरकारदरबारी ही विभागणी स्वच्छ आहे. बाजारात ती पुसली जाते, कारण बाजार मापावर चालतो.

आणि जुन्या मालावर. जवळच्या मंडाळ्याच्या भंगार गल्ल्यांमधून फिरताना टायरांचे डोंगर दिसतात. त्यातले बरेच खरंच भंगारात जातात, काही परत रस्त्यावर येतात. गोटा झालेल्या टायरात तापलेल्या पात्याने पुन्हा खाचा कोरायच्या आणि वरून काळं पॉलिश मारायचं, ही कारागिरी मुंबईत जुनी आहे. कोरलेली खाच ओळखायची असेल तर तिच्या तळाशी बघावं. कारखान्यातल्या नक्षीत खाचेच्या तळाला १.६ मिलिमीटर उंचीचे आडवे उंचवटे असतात. पात्याखाली ते कापले जातात. चार आकड्यांची आणखी एक खूण लंबगोलात असते. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मामांचे 'कोरे' टायर कोणत्या वर्षाचे होते ते त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मामा जेव्हा अण्णांच्या दुकानात नवे टायर घ्यायला आले तेव्हा मी तिथे होते. पुढचे दोन टायर गाडीचे मूळचे एलटी, नक्षी अजून चार मिलिमीटर. प्रश्न मागच्या दोनांचा. पावसाळा संपलेला, दिवाळीचा माल सुरू होणार, हातात पैसे कमी. मामांनी एक नवा, एक जुना असा मार्ग सुचवला.

"एका आसावर दोन जातीचे मी चढवत नाही," अण्णा म्हणाले. "उरलेले पैसे पुढच्या महिन्यात दे."

"आणि स्टेपनीला तो जीपचा राहिलेला?"

"स्टेपनी कधी लागणार तुला? गाडी भरलेली असतानाच ना?"

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी जीपचा टायर स्वतःच ओढत दुकानाच्या मागे नेऊन टाकला.

चाकं चढली. अण्णांच्या पोराने हवा भरली, ६५ पाउंड, गेज दोनदा लावून पाहिलं. हवा थंड टायरातच मोजायची, हे अण्णांनी पुन्हा सांगितलं. फेरी करून आल्यावर दाब चार-सहा पाउंड वर गेलेला दिसतो, तेव्हा सोडायची नाही. सोडली की गार झाल्यावर कमी पडते. मग त्यांनी कागदावर तोच हिशेब मांडला जो मी वर मांडला आहे, आणि शेवटचा आकडा दाखवला. ९५० चा टायर, चोवीस गोण्यांना ९०० भार. "पन्नास किलो शिल्लक. तीस गोण्यांना हासुद्धा पुरत नाही. मी नवा टायर दिला म्हणजे पासिंग वाढवून दिलं नाही."

मामांच्या गाडीचं कागदावरचं पासिंगही बाराशे किलोंचंच आहे.

त्या रात्री अडीचला आम्ही निघालो. खाडीवर वारा होता, मे महिन्यात पट्टा सुटला ती जागा मामांनी मला बोटाने दाखवली. गाडी आता कडक चालत होती, पुलाचा प्रत्येक सांधा कंबरेला कळत होता. तुर्भ्याला गाळ्यापाशी गाडी मागे लावली, फाळका पाडला. माथाडींनी पाठीवर गोण्या घेतल्या. मामा बाजूला उभे राहून तोंडाने मोजत होते आणि मधून मधून वाकून मागच्या टायरकडे बघत होते. तो फारसा चेपला नव्हता. चोविसावी गोणी पडली तसा त्यांनी हात आडवा केला.

"सहा राहिल्या की," माथाडी म्हणाला. पुढची गोणी त्याच्या पाठीवर चढलेलीच होती.

"ठेव तिथंच. दुसऱ्या फेरीला नेतो."